जुन्या जीपचे एक्सल, गिअर रेशो आणि ट्रान्स्फर केस: आधी दात मोजा, मग पैसे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खरगोनकडच्या एका शेतकऱ्याकडून महिंद्राची एमएम ५४० जीप घेतली. मूळचं प्यूजो इंजिन काढून कुणीतरी आधीच डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन) बसवलंय. फोर व्हील टाकलं की गाडी जखडते आणि लिव्हर परत निघत नाही. सत्तरच्या पुढे इंजिन ओरडतं. त्यात आता तुम्हाला ३१ इंची टायर टाकायचेत, आणि मिस्त्री म्हणतो, दोन्ही एक्सल आणि ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा बॉक्स) काढून ‘हेवी’ माल टाकू. टाकावा का?

माझं उत्तर: अजून एक रुपयाही देऊ नका. गाडीखाली नेमकं काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि तुमच्या मिस्त्रीलाही. या जीप शेतात राबल्या, सवारी वाहत हिंडल्या, आणि जिथे बंद पडल्या तिथे जो एक्सल हाताशी आला तो खाली लागला. पाटे आणि यू-बोल्ट जुळले की एक्सल बसतो, आत कोणता रेशो आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे एक्सलकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो, हे कुणी बघत नाही. त्यामुळे आरसी बुकावर एमएम ५४० लिहिलंय म्हणून खाली एमएम ५४० चाच माल असेल असं धरून चालू नका. इंदूरच्या लोहा मंडीत नुसता एक्सल घ्यायला गेलात तर विकणारा ‘जीपचा आहे’ एवढंच सांगेल. जीपचा म्हणजे कोणता, ते तुम्हीच ठरवायचं.

सुरुवात मागच्या एक्सलपासून करा. डिफरन्शियलच्या गोळ्याचं झाकण मागच्या बाजूला, दहा बोल्टांचं, असं दिसलं की लोक लगेच ‘डाना ४४’ (एक्सलचं दणकट मॉडेल) म्हणून मोकळे होतात. झाकणाचे बोल्ट मोजून काही सिद्ध होत नाही. डाना २५ आणि २७ यांनाही दहाच बोल्ट असतात. वायर ब्रश आणि डिझेल घेऊन गोळ्याच्या खालच्या बाजूची बीडाची कड साफ करा. तिथे ओतीव उठावाचा आकडा असतो, ४४, २७, २५ असा. तीस-चाळीस वर्षांचं ग्रीस आणि काळी माती खरवडल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून बहुतेक लोक तो बघतच नाहीत. एक्सलच्या नळीवर ठोकलेला असेंब्ली नंबरही मिळू शकतो. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असेल आणि तिच्यावर ४३-८ किंवा ३९-८ असं काही कोरलेलं असेल तर तो क्राउन आणि पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चक्रांच्या, दातांचा हिशोब. पण पट्टीवर विश्वास ठेवू नका. क्राउन बदलला तरी पट्टी जुनीच राहते.

रेशो काढायची खात्रीची पद्धत हाताची आहे. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला ठेवा आणि मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. इथे एक सावधगिरी. मूळच्या घडणीच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे तो ब्रेक गाडीला धरूच शकत नाही. हवेतलं चाक फिरतं आणि गाडी निघून जाते. शिवाय प्रॉपेलर शाफ्ट मोकळा फिरायला हँडब्रेक सोडावाच लागतो. तेव्हा उरलेल्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी गुटके लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. गाडीखाली माणसं अशीच चिरडली जातात.

आता प्रॉपेलर शाफ्टवर आणि चाकावर खडूने खूण करा. हवेतलं चाक बरोबर २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक स्थिर असल्याने क्राउन अर्धा फिरतो, म्हणजे चाकाचे २० फेरे म्हणजे क्राउनचे १०. शाफ्ट जवळपास ५४ वेळा फिरला तर रेशो ५.३८ (४३ भागिले ८), ४९ च्या आसपास फिरला तर ४.८८ (३९ भागिले ८), पावणेत्रेचाळीसच्या आत-बाहेर फिरला तर ४.२७ (४७ भागिले ११). एकाच फेऱ्यावर अंदाज बांधणारे लोक ४.८८ आणि ५.३८ मध्ये फसतात, कारण चाकाच्या एका फेऱ्यात फरक पावच वळसा. वीस फेऱ्यांत तो पाच वळशांचा होतो आणि वादच राहत नाही. मग हाच प्रयोग पुढच्या एक्सलवर करा, पुढचा लिव्हर टू व्हीलला ठेवून. फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून मोकळी करणारे) असतील तर दोन्ही लॉक करायला विसरू नका, नाहीतर चाक फिरेल आणि शाफ्ट ढिम्म राहील.

तुमची गाडी फोर व्हीलमध्ये जखडते त्यावरून मला पुढचा-मागचा रेशो वेगळा असल्याचा दाट संशय आहे. तरीही एवढ्यावरून निकाल देत नाही. या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. वळताना पुढची चाकं लांबचा रस्ता कापतात आणि कोरड्या डांबरावर तो फरक जायला जागा मिळत नाही. म्हणून निरोगी जीपसुद्धा राजवाड्यासमोरच्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळवली तर जखडणारच, आणि लिव्हर निघणार नाही. असं झालं तर लिव्हरवर लाथा घालू नका. दहा-बारा फूट सरळ रिव्हर्स घ्या, ताण उतरतो आणि लिव्हर बोटाने निघतो. खरी परीक्षा सरळ चालीची. मुरमाच्या सपाट रस्त्यावर स्टिअरिंग अगदी सरळ धरून फोर व्हील हायमध्ये (ट्रान्स्फरची वेगाची रेंज; ताकदीची ती लो) शंभर-दीडशे मीटर जा. सरळ जातानाही गाडी ओढल्यासारखी वाटली, चाकं अधूनमधून चुरचुर घसरली, आणि थांबल्यावर लिव्हर अडकला, तर रेशो किंवा टायर जुळत नाहीत. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ असेल तर फरक दहा टक्क्यांचा: प्रत्येक शंभर मीटरमागे पुढच्या किंवा मागच्या चाकांना सुमारे दहा मीटर घसरावं लागतं. एवढा ताण सोसताना सगळ्यात आधी क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टचा सांधा) तुटतो, नाहीतर ट्रान्स्फर केसचे दात जातात. मग मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, ट्रान्स्फर कमजोर आहे.’

टायरचाही बारकावा आहे. पुढे घासलेले, मागे नवे असा जोड असेल तर व्यासात अर्ध्या इंचाचा फरक सहज पडतो, म्हणजे पावणेदोन टक्के. चिखलात ते खपून जातं, लांब पक्क्या रस्त्यावर नाही.

आता ३१ इंचाचा हिशोब. जुन्या ६.००-१६ टायरचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच धरा. मोठा टायर लावला की रेशो आपोआप ‘उंच’ होतो, म्हणजे त्याचा आकडा कमी झाल्यासारखी गाडी वागते. नवा प्रभावी रेशो काढायला जुना रेशो गुणिले जुना व्यास भागिले नवा व्यास. म्हणजे तुमच्या गाडीत आज ५.३८ असेल तर ३१ वर तो ४.९५ सारखा वागेल, ४.८८ असेल तर साडेचारसारखा, आणि ४.२७ असेल तर ३.९ सारखा. माझा सगळा सल्ला या तीन आकड्यांवर उभा आहे.

इंजिन सत्तरच्या पुढे ओरडतं असं तुम्ही म्हणता. टॉप गिअर सरळ एकास एक धरला तर ५.३८ आणि साडेअठ्ठावीस इंची टायरवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन ३१५० च्या आसपास फिरतं. डीआयसारख्या खालच्या फेऱ्यांत ताकद देणाऱ्या इंजिनाला ते असह्य होणारच. मूळचं २११२ सीसीचं प्यूजो एक्सडीपी जास्त फिरणारं इंजिन होतं, त्याला ते चालून जायचं. आता त्याच गाडीला ३१ इंची टायर लावा: ८० ला फेरे २९०० वर येतात. ४.८८ टाकला तर २६३०, ४.२७ टाकला तर २३००. थोडक्यात, मागे ५.३८ निघाला तर मोठा टायर हाच तुमचा अर्धा ‘अपग्रेड’. फार तर दोन्हीकडे ४.८८ करा आणि थांबा. आणि मागे ४.२७ निघाला तर ३१ चा टायर लावून गाडी मानपूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर रडेल. तेव्हा आधी ४.८८, मग टायर.

टायरबद्दल एक वेगळं मत, मागितलं नाहीत तरी. माळव्यातल्या काळ्या मातीत, पावसाळ्यात, ३१ बाय १०.५ चा रुंद टायर फार काही करत नाही. माती नक्षीत गच्च भरते आणि टायर गुळगुळीत होतो. ७.००-१६ चा अरुंद टायर साडेतीस इंचांचाच असतो, पण वरची चिकट साल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो, पाट्यांना घासत नाही आणि स्टिअरिंगही जड करत नाही. दिसायला रांगडा नाही, हे मान्य. पण जानापावच्या चढावर फोटो काढायचे की चढायचं, ते ठरवा.

रेशोचा आकडा कमी केला की गाडी रांगते किती हळू, त्याचाही गुणाकार करून बघा: पहिला गिअर गुणिले ट्रान्स्फरचा लो गुणिले एक्सल. जुना तीन गिअरचा टी-९० असेल तर पहिला २.८०, स्पायसर १८ ट्रान्स्फर केसचा लो २.४६, एक्सल ५.३८, म्हणजे सुमारे ३७. तोच एक्सल ४.२७ केला तर २९. ही घट दगडांवर लगेच जाणवते, विशेषतः उतारावर, जिथे ब्रेकपेक्षा इंजिनाचा आधार हवा असतो. तुमच्याकडे चार गिअरचा केएमटी-९० आहे की पाच गिअरचा बीए-१० हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाच गिअरचा असेल तर हायवेची तक्रार पाचव्या गिअरनेच मिटते आणि एक्सल ५.३८ वर ठेवायला मोकळीक मिळते. मी असतो तर तसंच केलं असतं. फक्त गिअरबॉक्स बदलताना लांबी बघा. लांब गिअरबॉक्स ट्रान्स्फर केसला मागे ढकलतो, मागचा प्रॉपेलर शाफ्ट तेवढा आखूड होतो आणि त्याचा कोन उभा होतो. छोट्या, ८० इंची व्हीलबेसच्या सीजे-३बी वर तर क्रॉस आठवड्यात वाजायला लागतात.

एक्सल ‘हेवी’ करण्याबद्दल. मागचा खरोखर डाना ४४ निघाला तर तुमच्या इंजिनासाठी तो पुरून उरतो. साडेआठ इंचाचा क्राउन आहे त्यात. ४.२७, ४.८८, ५.३८ हे तिन्ही डिफरन्शियलच्या त्याच केसवर (क्राउन ज्यावर बसतो ती) बसतात, कारण डाना ४४ ची केस बदलते ती ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये. म्हणजे केस विकत घ्यायची गरज नाही, फक्त क्राउन-पिनियनचा जोड. एक लक्षात ठेवा: रेशोचा आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होत जातो. ५.३८ चा आठ दातांचा पिनियन ४.२७ च्या अकरा दातांच्या पिनियनपेक्षा अंगाने लहान असतो. तेव्हा ‘मोठा आकडा म्हणजे मजबूत’ हा समज डोक्यातून काढा.

मागच्या एक्सलचा खरा कच्चा दुवा शाफ्ट आणि हबमधला. चाकाच्या मधली टोपी काढा. आत मोठा नट आणि फाटा पिन दिसली तर शाफ्ट निमुळता आहे, हब त्यावर चावीने बसवलेला. जुन्या शाफ्टना आतल्या टोकाला १० स्प्लाइन (लांबट खाचा), नंतरच्यांना १९, आणि आणखी नंतरच्या पिढीत ३० स्प्लाइन आले. दुसरा शाफ्ट आणलात आणि स्प्लाइन जुळले नाहीत तर साइड गिअरही बदलावे लागतात, म्हणून आधी मोजा. निमुळत्या शाफ्टचा नट किमान १५० फूट-पाउंडाने आवळायचा, पिनचं भोक जुळत नसेल तर पुढच्या भोकापर्यंत आणखी आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही. ढिला राहिला की हब शाफ्टवर किंचित सरकतो, चावी कापली जाते आणि मग चाकासकट हब बाहेर. हब काढायला पुलर वापरा. हातोड्याने शाफ्टच्या टोकावर ठोकणारा मिस्त्री दिसला तर गाडी तिथून उचला. तो दणका आतल्या बेअरिंगला आणि मधल्या ब्लॉकला बसतो. डोंगरात जायचंच असेल तर फ्लँज असलेले एकसंध शाफ्ट हा मला पटणारा खर्च आहे.

पुढच्या एक्सलला डाना ४४ लावायची हौस मात्र या गाडीत मला समजत नाही. पुढचा एक्सल मोडतो तो बहुतेक वेळा रेशो न जुळल्याने, नाहीतर नकल (पुढचं चाक वळतं तो सांधा) कोरडी राहिल्याने. जुन्या बंद नकलमध्ये, म्हणजे तो गोल घुमट असतो त्यात, जॉइंट तेल-ग्रीसमध्येच राहायला हवा. घुमटावर ओरखडे आणि गंजाचे खड्डे असले की सील महिनाभर टिकत नाही, चोरलच्या पाण्यातून एक फेरी झाली की आत दुधाळ पाणी. घुमट घासून गुळगुळीत करा, किंगपिनचे बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) नव्याने लावा, दोन्ही बाजूंचे जॉइंट एकाच जातीचे आहेत का बघा. जुन्या जीपमध्ये बेंडिक्स, झेपा, ट्राक्टा, स्पायसर असे वेगवेगळे जॉइंट आलेत, आणि कबाडातून जोडलेल्या एक्सलमध्ये डावीकडे एक, उजवीकडे दुसरा सापडतो. ब्रीदरची छोटी टोपी नळीवर असते, ती चिखलाने बुजलेली असते. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच न्या. शंभर-दोनशे रुपयांचं काम, आणि ‘हेवी एक्सल’पेक्षा जास्त उपयोगाचं.

आता ट्रान्स्फर केस. मूळचा असेल तर तो स्पायसर १८ च्या घराण्यातला असण्याची शक्यता मोठी. त्याची खूण अशी: पुढचा आणि मागचा दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या उजव्या अंगाला, एकाच ओळीत निघतात, म्हणून मागच्या एक्सलचा गोळाही मधोमध नसून उजवीकडे सरकलेला. तुमच्या मिस्त्रीने मधोमध गोळ्याचा एक्सल दाखवला असेल तर तो या ट्रान्स्फर केसला चालणार नाही, शाफ्ट तिरका जाईल. म्हणूनच तो ‘ट्रान्स्फरही बदलू’ म्हणतोय. एका चुकीच्या खरेदीतून दुसरी जन्माला येते ती अशी.

हा बॉक्स खोलायची वेळ आली तर दोन जागा नीट बघा. पहिली, मधला इंटरमीडिएट शाफ्ट. तो पाऊण इंच, सव्वा इंच आणि त्यांच्या मधला एक इंच एक अष्टमांश अशा तीन जाडीत आला. पाऊण इंचवाला निघाला तर तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात आधी झिजणारा. त्यावर नव्या सुया आणि वॉशर घालण्यापेक्षा सव्वा इंची शाफ्टचा चांगला केस शोधा. लो मध्ये कुरकुर, हाय मध्ये भुणभुण, हा आवाज बहुतेक इथून येतो. दुसरी जागा, लिव्हरच्या दोन दांड्यांच्या मधली गोळी. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडू नये म्हणून दोन दांड्यांच्या मध्ये आडव्या भोकात ही बोटाच्या पेराएवढीही नसलेली लोखंडी गोळी असते. एक दांडी सरकली की गोळी दुसरीच्या खाचेत जाऊन तिला अडवते. घाईत खोलताना ती निसटून घरंगळते आणि बॉक्स तिच्याशिवायच बंद होतो. काही जण टू व्हील लो मिळावा म्हणून ती मुद्दाम काढतात. मग अडीचपट झालेली सगळी ताकद एकट्या मागच्या एक्सलवर येते, आणि त्या निमुळत्या शाफ्टची चावी जाते. दांड्यांच्या टोकांच्या स्प्रिंग-गोळ्या आणि ही मधली गोळी, सगळ्या एका वाटीत काढून ठेवा आणि बसवताना मोजा. मागच्या शाफ्टचा पुढे-मागे प्ले डायल गेजवर ०.१ ते ०.२ मिलिमीटरमध्ये आणा, शिम बेअरिंगच्या टोपीखाली असतात.

बॉक्सच्या मागे पीटीओचं (बाहेरचं यंत्र चालवायला ताकद घ्यायची जागा) गोल झाकण दिसेल. परदेशात तिथे वॉर्न किंवा सॅटर्नचा ओव्हरड्राइव्ह बसवतात, फेरे २५ टक्के कमी होतात. मिळाला तर छान, त्याच्या मागे लागू नका. तेलाची पातळी गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरची एकदमच बघा, कारण जुन्या सीलमधून तेल एकातून दुसऱ्यात जातं आणि एक भरलेला, दुसरा कोरडा सापडतो. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल, कारण पितळी रिंगांना जीएल-५ मधली काही रसायनं खातात. डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना मात्र जीएल-५ च हवं.

तुमच्या मित्राच्या जिप्सीबद्दल विचारलंत, तर ती वेगळी जात, सुझुकीच्या एसजे घराण्यातली. तिचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसून मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेला, रबरी माउंटवर स्वतंत्र टांगलेला. त्यामुळे तो काढणं-घालणं अर्ध्या दिवसाचं काम. डिफरन्शियलचा गोळाही मागून न उघडता पुढून अख्खा बाहेर येतो, टेबलावर ठेवून सेट करता येतो. सुझुकीच्या जुन्या एसजे ४१० चा ट्रान्स्फर हायला १.५८ आणि लोला २.५१, तर नंतरच्या ४१३ चा १.४१ आणि २.२७. मोठे टायर लावणारे म्हणून ४१३ मध्ये ४१० चा बॉक्स घालतात: क्राउन-पिनियनला हात न लावता दोन्ही रेंज दहा-बारा टक्के खाली येतात, आणि पुढचा-मागचा रेशो आपोआप जुळलेलाच राहतो. फ्लँजची भोकं आधी जुळवून बघायला सांगा.

क्राउन-पिनियन बदलायचं ठरलं तर काम कुणाला द्यायचं हे मालापेक्षा महत्त्वाचं. जोड विकत घेताना क्राउनवर आणि पिनियनच्या डोक्यावर कोरलेला जोड क्रमांक एकच आहे का बघा. वेगळा असेल तर तो जोड नव्हे, दोन अनाथ. पिनियनच्या डोक्यावर आणखी एक बारीक आकडा असतो, +३, −२, किंवा ०. तो इंचाच्या हजारांश भागात असतो आणि पिनियन किती आत-बाहेर बसवायचा त्याची दुरुस्ती सांगतो. जुन्या पिनियनवर +२ आणि नव्यावर −१ असेल तर शिमच्या जाडीत तीन हजारांशाचा फरक करायचा. जो मिस्त्री हा आकडा वाचत नाही आणि ‘जुनेच शिम घालू’ म्हणतो, त्याच्याकडे काम देऊ नका. डाना ४४ मध्ये पिनियनच्या खोलीचे शिम आतल्या बेअरिंगच्या कपाखाली, आणि केसचे शिम बाजूच्या बेअरिंगखाली. बेअरिंग नवे घाला, जुन्यांवर नवा जोड कधीच नाही. क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर, तोही क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजून.

मग दातांवर निळं किंवा पिवळं मार्किंग लावून, क्राउनला थोडा अडसर देत हाताने फिरवायचं आणि डाग बघायचा. डाग दाताच्या माथ्यावर आला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, आत सरकवा. दाताच्या मुळाशी आला तर फार आत गेलाय, मागे घ्या. मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे आला की समाधान. हे तीन-चार वेळा खोलून बसवून करावं लागतं, आणि डायल गेज नसेल तर करूच नये. सांवेर रोडवर आणि देवास नाक्याकडे असं काम करणारे आहेत; दुकानात शिरल्यावर आधी डायल गेज कुठे आहे ते विचारा. उत्तर ‘हाताने कळतं’ असं आलं तर चहा पिऊन परत या.

ब्रेक विसरू नका. जुन्या सीजेच्या घडणीचे नऊ इंची ड्रम ६.०० च्या टायरसाठी होते. व्यास वाढला की थांबायला तितकाच जास्त जोर लागतो. माझ्या हिशोबात पैशांचा क्रम असा: आधी ब्रेक, मग सील-बेअरिंग-नकल, मग रेशो जुळवणं, मग टायर, आणि एक्सल बदलणं सगळ्यात शेवटी, तेही फक्त मधली नळी वाकली किंवा हाउसिंग चिरलं असेल तर. कागदांचंही बघा: मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालत नाही, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओत उभं राहायचंच आहे. फेंडरबाहेर आलेला टायर तिथे पहिल्यांदा दिसतो.

नवा जोड बसल्यावर पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश चालवा आणि गोळ्याला हात लावून बघा. गरम असणं ठीक, हात ठेवता येऊ नये इतका तापला तर पिनियनचं बेअरिंग घट्ट बसलंय. पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा तेवढंच अंतर. पहिले आठशे किलोमीटर ट्रॉली ओढू नका, त्यानंतर तेल बदला. काढलेल्या तेलात चांदीसारखी बारीक चमक चालते, बोटाला टोचणारे कण चालत नाहीत. पुढचा आणि मागचा फेऱ्यांचा आकडा, गोळ्यावरचा ओतीव आकडा आणि गिअरबॉक्स चार गिअरचा की पाच, एवढं कळवा. कोणता जोड घ्यायचा ते त्यावर सांगतो.